बाकावरच्या माणसाला विचारा

आपल्या साहित्यिक वर्तुळात ख्रिस्ती माणसाची आणि डार्विनची गाठ पडली की पुढे काय होणार हे आधीच ठरलेलं असतं. कथा असेल तर त्या माणसाची श्रद्धा तरी मोडते, नाहीतर तो विज्ञानाचं पुस्तक तरी भिरकावून देतो. चर्चासत्र असेल तर कुणीतरी १८६० साली ऑक्सफर्डमध्ये झालेली बिशपची फजिती सांगतं, कुणी अमेरिकेतला 'माकड खटला' सांगतं, आणि श्रोते समजूतदारपणे हसतात. दर रविवारी चर्चला जाणारी, मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गाला पाठवणारी आणि माणूस इतर प्राण्यांमधूनच उत्क्रांत झाला हे निवांतपणे मान्य करणारी बाई या साहित्यात येत नाही. आली तर तिला आत घेतलं जात नाही. मी अनुवादित केलेल्या एका कथेत अशी जीवशास्त्राची शिक्षिका होती. संपादकांनी कळवलं, 'पात्र पटत नाही. ती शेवटी ढोंगी तरी निघायला हवी, नाहीतर तिनं बंड तरी करायला हवं.' मूळ कथेत ती यातलं काहीच करत नव्हती. रविवारी उपासनेला जात होती आणि सोमवारी नैसर्गिक निवड शिकवत होती. तिच्या आयुष्यात अडचणी होत्या, पण त्या वेगळ्या होत्या.

ही बाई अपवाद नाही, एवढंच मला इथे म्हणायचं आहे. चर्चच्या बाकावर बसणाऱ्या साध्या माणसांपैकी पुष्कळांनी उत्क्रांतीसाठी केव्हाच जागा करून दिली आहे, आणि आणखी पुष्कळजण ती करून द्यायला तयार आहेत. ही तयारी आपल्याला दिसत नाही, कारण आपण त्यांना प्रश्न चुकीचा विचारतो. बरेचदा तर त्यांना विचारतच नाही. त्यांच्या नावानं व्यासपीठावरून बोलणाऱ्यांना विचारतो आणि त्यांचं उत्तर सगळ्यांच्या खात्यावर मांडतो.

आधी प्रश्नाबद्दल बोलते, कारण वाक्याची रचना बदलली की उत्तर बदलतं हे अनुवादकाला रोजच दिसतं. हा वाद सर्वांत जास्त पेटला तो अमेरिकेत. तिथे गॅलप ही संस्था १९८२ पासून लोकांना माणसाच्या उगमाबद्दल विचारत आली आहे. देवाच्या मार्गदर्शनाखाली माणूस उत्क्रांत झाला, देवाच्या सहभागाशिवाय उत्क्रांत झाला, की देवानं गेल्या दहा-एक हजार वर्षांत त्याला आजच्याच रूपात निर्माण केलं? हा शेवटचा पर्याय १९८२ मध्ये ४४ टक्के लोकांनी निवडला होता, २०२४ मध्ये ३७ टक्क्यांनी. आकडा लहान नाही आणि तो झाकायचं मला कारण नाही. पण प्यू रिसर्च सेंटर या दुसऱ्या संस्थेनं २०१८ मध्ये एक प्रयोग केला आणि २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले, तेही याच्या शेजारी ठेवून वाचायला हवेत.

त्यांनी लोकांचे सरमिसळ गट पाडले. एका गटाला दोन टप्प्यांत विचारलं: माणूस काळाच्या ओघात उत्क्रांत झाला, की तो सुरुवातीपासून आजच्याच रूपात आहे? जे 'उत्क्रांत झाला' म्हणाले त्यांनाच पुढे देवाच्या सहभागाबद्दल विचारलं. दुसऱ्या गटापुढे तिन्ही पर्याय एकदमच ठेवले. त्यात 'उत्क्रांत झाला आणि त्यात देवाचा हात होता' हाही पर्याय पहिल्या क्षणापासून समोर होता. गोऱ्या इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंटांमध्ये, म्हणजे या बाबतीत सर्वांत कडव्या समजल्या जाणाऱ्या समाजात, दोन टप्प्यांच्या प्रश्नाला ६६ टक्के लोकांनी 'माणूस आजच्याच रूपात होता' असं उत्तर दिलं. एकत्र प्रश्नाला तेच उत्तर देणारे ३८ टक्केच निघाले. कृष्णवर्णीय प्रॉटेस्टंटांमध्ये हेच आकडे ५९ आणि २७ होते.

काळ तोच, देश तोच, बायबल तेच. मग फरक कुठून आला? पहिल्या रचनेत श्रद्धावान माणसाला जो प्रश्न ऐकू येतो तो जीवशास्त्राचा नसतोच. त्याला ऐकू येतं, 'तू देवाच्या बाजूचा की त्यांच्या?' अशा प्रश्नाला तो देवाच्या बाजूनं हात वर करतो. त्याला आपली बाजू न सोडता उत्तर देण्याची सोय करून द्या, की तो शांतपणे म्हणतो, हो, उत्क्रांती झाली असेल, आणि देवही आहे. समाजशास्त्रज्ञ एलेन हॉवर्ड एक्लंड यांनी धार्मिक अमेरिकन लोकांशी विज्ञानाबद्दल वर्षानुवर्षं बोलून जे मांडलं तेही याच दिशेचं आहे: या लोकांना पृथ्वीच्या वयाची फारशी पडलेली नसते. जगात देवाला काही काम उरलं आहे ना आणि माणसाला काही किंमत उरली आहे ना, या दोन गोष्टींची त्यांना काळजी असते. या काळजीला अडाणीपणा म्हणणं हा आळस आहे.

आता इतिहासाकडे. 'चर्चनं पहिल्या दिवसापासून डार्विनशी युद्ध पुकारलं' हे वाक्य मी इतक्या हस्तलिखितांत वाचलं आहे की ते कुणी तपासत असेल असं वाटत नाही. डार्विनचं पुस्तक नोव्हेंबर १८५९ मध्ये आलं. ते बाजारात यायच्या आधीच त्याची प्रत वाचून चार्ल्स किंग्जली या अँग्लिकन धर्मगुरूनं, म्हणजे 'वॉटर बेबीज'च्या लेखकानं, डार्विनला अनुकूल पत्र लिहिलं. जानेवारी १८६० मध्ये निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत डार्विननं लेखकाचं नाव न घेता त्या पत्राचा आधार घेतला. अमेरिकेत डार्विनची बाजू सर्वांत जोरकसपणे लढवली ती हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी, आणि ते नेमानं चर्चला जाणारे ख्रिस्ती होते. १८७९ मधल्या एका पत्रात डार्विननं स्वतःच लिहिलं की उत्कट आस्तिक माणूस उत्क्रांतिवादी असू शकतो, आणि उदाहरणादाखल याच दोघांची नावं दिली. १८८२ मध्ये डार्विनला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरलं. १८८४ मध्ये फ्रेडरिक टेंपल यांनी ऑक्सफर्डच्या व्याख्यानांत धर्म आणि उत्क्रांती यांची सांगड घातली, आणि पुढे १८९६ मध्ये त्यांनाच कँटरबरीचे आर्चबिशप नेमलं गेलं. युद्धात शत्रूच्या वकिलाला कुणी सेनापती करत नाही.

अमेरिकेत ज्या पुस्तिकांवरून 'फंडामेंटलिस्ट' हा शब्द आला, त्या १९१० ते १९१५ या काळात निघाल्या. त्यांत उत्क्रांतीवर तुटून पडणारे लेख आहेत, पण त्याच मालिकेत जेम्स ऑर आणि जॉर्ज फ्रेडरिक राइट यांचेही लेख आहेत, आणि या दोघांना पृथ्वीच्या प्रदीर्घ वयाची किंवा मर्यादित अर्थानं उत्क्रांतीची अडचण नव्हती. प्रिन्स्टनचे बी. बी. वॉरफिल्ड बायबलमध्ये एकही चूक नाही असं मानणाऱ्यांचे अग्रणी होते, आणि तेही उत्क्रांतीला दार उघडं ठेवून होते. १९२५ च्या स्कोप्स खटल्यात उत्क्रांतीच्या विरोधात उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी उलटतपासणीत कबूल केलं की उत्पत्तीच्या पुस्तकातले दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत असं नाही. पृथ्वी काही हजार वर्षांची आहे, आणि सगळे जीवाश्म नोहाच्या प्रलयानं गाडले गेले आहेत, हे म्हणणं त्या काळी जॉर्ज मॅकक्रेडी प्राइस या एका ॲडव्हेंटिस्ट लेखकाच्या आसपास घुटमळत होतं. ते इव्हँजेलिकल घरांमध्ये पसरलं १९६१ नंतर, व्हिटकॉम आणि मॉरिस या जोडीनं त्यावर पुस्तक लिहिल्यावर. म्हणजे ज्याला आपण 'जुनाट श्रद्धा' म्हणतो, ती या रूपात लोकप्रिय होऊन पुरतं पाऊण शतकही झालेलं नाही.

जुनं काय आहे ते पाहायचं तर फार मागे जावं लागेल. तिसऱ्या शतकात ओरिजेननं विचारलं होतं की सूर्य जर चौथ्या दिवशी आला तर आधीच्या तीन दिवसांची सकाळ-संध्याकाळ कशी झाली? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टिननं उत्पत्तीच्या पुस्तकावर मोठा ग्रंथ लिहिला आणि सहा दिवस म्हणजे आपले नेहमीचे दिवस हा अर्थ नाकारला. आकाश, तारे, प्राणी यांबद्दल शास्त्राच्या नावाखाली वेडंवाकडं बोलणारे ख्रिस्ती लोक जाणकारांपुढे सगळ्या श्रद्धेचंच हसं करतात, अशी तंबीही त्यानं त्याच ग्रंथात दिली. डार्विन जन्मायच्या चौदाशे वर्षं आधी.

मग युद्धाची गोष्ट आली कुठून? १८७४ मध्ये ड्रेपर आणि १८९६ मध्ये अँड्रयू डिक्सन व्हाइट यांनी धर्म आणि विज्ञान यांच्या झगड्याचे इतिहास लिहिले. ते चांगले खपले, आणि त्यांतल्या कित्येक गोष्टी पुढच्या इतिहासकारांनी खोडून काढल्या तरी शीर्षकं लोकांच्या तोंडी राहिली. त्यात भर पडली रंगभूमीची. १९५५ चं 'इनहेरिट द विंड' हे नाटक आणि १९६० चा त्यावरचा चित्रपट यांच्यामुळे स्कोप्स खटला म्हणजे धर्मवेड्या गावानं एका तरुण मास्तराचा केलेला छळ, अशी समजूत रुजली. खऱ्या डेटन गावात काही स्थानिक मंडळींनीच, गावाचं नाव व्हावं म्हणून, खटला ओढवून घेतला होता आणि स्कोप्स त्यासाठी आपणहून तयार झाला होता. नाटककारांना बोलायचं होतं मॅकार्थीच्या काळातल्या दडपशाहीबद्दल. आपण इतिहास लिहीत नाही हे त्यांनी सांगितलंही होतं. पण साहित्याच्या वाचकांनी तोच इतिहास म्हणून घेतला. रूपकाला अहवाल समजण्याची चूक फक्त चर्चमध्ये होत नाही.

या गोष्टीत न बसणारा एक खटला मात्र कुणी सांगत नाही. १९८१ मध्ये आर्कान्सा राज्यानं कायदा केला की शाळेत उत्क्रांतीच्या बरोबरीनं 'निर्मिती-विज्ञान'ही शिकवायचं. या कायद्याविरुद्ध कोर्टात कोण गेलं? पहिलं नाव होतं मॅक्लीन या मेथडिस्ट पाळकाचं. त्यांच्या सोबत होते त्या राज्यातले मेथडिस्ट, एपिस्कोपल, रोमन कॅथलिक आणि आफ्रिकन मेथडिस्ट बिशप, प्रेस्बिटेरियन चर्चचे प्रमुख अधिकारी, आणि काही ज्यू संघटना. ५ जानेवारी १९८२ रोजी कोर्टानं तो कायदा रद्द केला. बिशप मंडळी उत्क्रांतीच्या बाजूनं कोर्टात उभी राहिली आणि जिंकली. यावर नाटक का झालं नाही? २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या खटल्यात उत्क्रांतीच्या बाजूचे पहिले तज्ज्ञ साक्षीदार केनेथ मिलर होते. ज्या पाठ्यपुस्तकावरून वाद पेटला त्याचे ते सहलेखक, आणि श्रद्धावान कॅथलिक. विज्ञानाच्या बाजूला पाहिलं तरी तेच. आनुवंशिकीचा पाया ग्रेगोर मेंडेलनं मठाच्या बागेत घातला. विसाव्या शतकात नैसर्गिक निवड आणि आनुवंशिकी यांची जोड घालणाऱ्यांपैकी रोनाल्ड फिशर अँग्लिकन होते, थिओडोसियस डोबझान्स्की रशियन ऑर्थोडॉक्स. उत्क्रांतीच्या प्रकाशाशिवाय जीवशास्त्रातलं काहीच उमगत नाही, असं १९७३ मध्ये ठणकावून सांगणारे ते हेच डोबझान्स्की.

आता माझ्या स्वतःच्या कामाशी जोडलेला मुद्दा. शब्दशः वाचणारा निर्मितिवादी आणि त्याची टिंगल करणारा नास्तिक यांचं एका गोष्टीवर संपूर्ण एकमत असतं: उत्पत्तीचं पुस्तक हा घटनेचा वृत्तान्त आहे. एक म्हणतो वृत्तान्त खरा, दुसरा म्हणतो खोटा. पण त्या पुस्तकाची पहिली दोनच प्रकरणं भाषांतर करायला घ्या. पहिल्यात वनस्पती, मग प्राणी, मग सर्वांत शेवटी स्त्री-पुरुष एकत्र. दुसऱ्यात शेतातली झाडंझुडपं उगवण्याआधीच माणूस, मग बाग, मग प्राणी, आणि स्त्री सर्वांत शेवटी. ज्यांनी हे दोन पाठ शेजारी-शेजारी ठेवले, त्यांना हा क्रम जुळत नाही हे दिसत नव्हतं असं समजायचं का? त्यांनी दोन्ही ठेवले, कारण त्यांना क्रमाची नोंद ठेवायची नव्हती. पहिल्याच प्रकरणात देव पृथ्वीला सांगतो की तिनं सजीवांना जन्म द्यावा. निर्मितीचं काम जमिनीवर सोपवलेलं आहे. साधा वाचक यावर अडखळत नाही. अडखळतो तो तावातावानं वाचणारा.

दुसरं, 'आदाम' हा शब्द. हिब्रूत तो 'माणूस' या अर्थाचा साधा शब्द आहे, जमिनीसाठीच्या 'अदामा' या शब्दाशी नातं सांगणारा. मातीचा तो माणूस. दुसऱ्या प्रकरणात त्याच्यामागे बहुतेक ठिकाणी निश्चित उपपद आहे, म्हणजे 'तो माणूस'. हे सामान्यनाम नेमकं कुठून पुढे एका व्यक्तीचं नाव समजायचं हे भाषांतरकार ठरवतो, आणि वेगवेगळ्या भाषांतरांत तो टप्पा वेगवेगळ्या ठिकाणी येतो. आपल्या भाषांनी तर याच्याही पुढची गंमत केली. अरबी-फारसीच्या वाटेनं आलेलं ते विशेषनाम हिंदी-उर्दूत 'आदमी' होऊन पुन्हा सामान्यनाम झालं. रस्त्यावरचा कुणीही आदमी. हिब्रूतला अर्थ फिरून घरी आला तो असा, आणि त्यासाठी कुठल्याही परिषदेला ठराव करावा लागला नाही.

शब्द असा सहज जागा बदलतो याचा पुरावा खुद्द 'उत्क्रांती' या शब्दात आहे. मराठी आणि गुजरातीनं डार्विनसाठी निवडलेला हा शब्द वेदान्तात मरणाच्या वेळी जीव देह सोडून जातो त्यासाठी होता. बंगालीत 'विवर्तन' म्हणतात, त्याच्यामागे अद्वैताचा विवर्त उभा आहे. मल्याळममध्ये 'परिणामम्', तो सांख्यांचा शब्द. या उपखंडात डार्विन आला तो तत्त्वज्ञानाच्या जुन्या घरांत भाडेकरू म्हणून. त्यामुळे मराठी शाळेतल्या मुलाला 'उत्क्रांती' शिकताना मृत्यूची आठवण येत नाही, आणि वेदान्त वाचणाऱ्याला माकडाची. अर्थांना शेजारी राहता येतं. शब्दांना जे जमतं ते चर्चच्या बाकावरच्या माणसाला जमणार नाही असं आपण कशाच्या जोरावर धरून चालतो?

याला कुणी 'तडजोड' म्हणेल. जेरी कॉइन यांच्यासारखे जीवशास्त्रज्ञ म्हणतातच: देवाच्या मार्गदर्शनाखालची उत्क्रांती ही उत्क्रांतीच नव्हे. आक्षेप गंभीर आहे, पण तो बोलण्याच्या दोन पातळ्या एकत्र करतो. आपल्याकडे बाळंत झालेली बाई म्हणते, 'देवानं पदरात लेकरू घातलं.' तिला गर्भधारणा कशी होते हे ठाऊक नसतं का? डॉक्टर असली तरी ती हेच म्हणते. बायबलच्या १३९व्या स्तोत्रात देवानंच मला आईच्या उदरात घडवलं अशा अर्थाची कबुली आहे. ती रोज म्हणणाऱ्या लाखो ख्रिस्ती लोकांपैकी कुणीही गर्भविज्ञानाविरुद्ध मोर्चा काढलेला नाही, शाळेत पर्यायी गर्भविज्ञान शिकवा अशी मागणी केलेली नाही. एका माणसाच्या नऊ महिन्यांबद्दल जे भांडण कुणाला सुचत नाही, ते सगळ्या मानवजातीच्या लाखो वर्षांबद्दल अटळ आहे असं का मानायचं? ठरावीक उत्परिवर्तन देवानं बोट घालून घडवलं, असा जर कुणाचा दावा असेल तर त्यानं पुरावा द्यावा. पण साधा भाविक असा दावा करतच नाही. जे घडलं ते देवाच्या जगात घडलं, एवढंच त्याचं म्हणणं असतं.

सगळं सोपं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. खरी अडचण सहा दिवसांची नाही. मृत्यू आणि वेदना माणसाच्या पापामुळे जगात आल्या असं ऐकत वाढलेल्या माणसाला, माणूस यायच्या आधी कोट्यवधी वर्षं जीव मरत होते हे पचवायला वेळ लागतो. जिवंत अळीच्या अंगात अंडी घालणारी गांधीलमाशी दयाळू देवानं मुद्दाम घडवली असेल हे पटत नाही, असं डार्विननं १८६० मध्ये एसा ग्रे यांना लिहिलं. तो प्रश्न आजही तितकाच टोकदार आहे. पहिल्या माणसाचं पतन आणि ख्रिस्तामुळे उद्धार अशी जोडी लावणाऱ्या पौलाच्या पत्राचं काय करायचं, हाही प्रश्न आहे. कॅथलिक चर्चनं १९५० मध्ये शरीराच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला मुभा दिली, पण आत्मा थेट देवाकडून येतो ही अट ठेवली, आणि सगळी माणसं एकाच जोडप्यापासून झाली नाहीत या मताला विरोध केला. १९९६ मध्ये दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांती ही आता निव्वळ अटकळ राहिलेली नाही असं मान्य केलं. तरी त्या जुन्या गाठी सगळ्या सुटलेल्या नाहीत. पण हे प्रश्न वेदनेचे आहेत, न्यायाचे आहेत. मूल गेलेल्या आईला ते डार्विन न वाचताही पडतात. ज्या समाजाला अशा प्रश्नांसह जगायची सवय आहे, त्याला जीवाश्म दाखवले की तो कोसळेल ही आपली कल्पना आहे.

मग त्याला घाबरवतं कोण? इथे माझं बोट खाली बाकांकडे नाही, वर वेदीकडे आहे. ईशज्ञानाच्या शिक्षणात बहुतेक ठिकाणी उत्पत्तीच्या पहिल्या दोन प्रकरणांतला फरक, त्यांचे वेगवेगळे स्रोत, बाबिलोनी कथांशी त्यांचं नातं हे शिकवलं जातं. पाळक ते शिकून येतो आणि प्रवचनात वीस वर्षं त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. दोन-चार घरं नाराज होतील म्हणून. त्याच्या भीतीला आधार नाही असंही नाही. ब्रूस वॉल्टकी हे जुन्या कराराचे मोठे इव्हँजेलिकल अभ्यासक, बायबलच्या एका प्रसिद्ध इंग्रजी भाषांतराच्या कामातले. २०१० मध्ये ते एका चित्रफितीत म्हणाले की पुरावा इतका भक्कम असताना उत्क्रांती नाकारत राहिलो तर आपण जगापासून तुटलेला एक पंथ होऊन बसू. काही आठवड्यांतच त्यांना आपल्या ईशज्ञान विद्यालयातलं पद सोडावं लागलं. ज्या माणसानं आयुष्यभर तो हिब्रू मजकूर हाताळला, त्यालाच तो कसा वाचावा हे सांगायची मुभा नव्हती. यात बाकावरच्या माणसाला कुणी मत विचारलं नव्हतं.

या मौनाची किंमत पंधरा-सोळा वर्षांची मुलं मोजतात. शाळेच्या पुस्तकात एक, हातात पडलेल्या पुस्तिकेत दुसरं, आणि ज्याला विचारावं तो गप्प. 'दोन्हीपैकी एक निवड' असं सांगितलं की मूल निवडतं. काही श्रद्धा सोडतात, काही जीवशास्त्र. दोन्हीकडे जे गमावलं जातं ते गमवायची गरज नव्हती.

आणि या पुस्तिका आपल्याकडेही पोचतात. अनुवादकाकडे कोणतं काम येतं यावरून कुणाच्या हातात पैसा आहे ते कळतं. माझ्याकडे निर्मितिवादी पुस्तिका मराठीत करून द्या असा प्रस्ताव येऊन गेला आहे, दर चांगला होता. मी नाही म्हटलं. धर्म म्हणजे मूर्खपणा असं सांगणारी पुस्तकं करा असंही सुचवून झालं. ऑगस्टिनचा तो ग्रंथ, एसा ग्रे यांचे निबंध, आर्कान्सा खटल्याचा निकाल यांतलं काही मराठीत आणू या असं मला आजवर एकाही प्रकाशकानं म्हटलेलं नाही. भांडण अनुवादित होतं, समेट होत नाही. मग आपण म्हणतो समेट अस्तित्वातच नाही.

'हा त्यांचा प्रश्न आहे, आमच्याकडे दशावतारातच उत्क्रांती होती' असं म्हणणाऱ्यांसाठी दोन तारखा. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रातल्या शिक्षण खात्याचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत सांगितलं की डार्विनचा सिद्धान्त चूक आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, आणि शाळेत हे शिकवणं बदललं पाहिजे. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याचं नुसतं 'आनुवंशिकता' उरलं. अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि नागरिकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. या दोन्ही गोष्टी कुठल्या चर्चनं केल्या नाहीत. आणि मत्स्य-कूर्म-वराह हा प्राणिशास्त्राचा क्रम म्हणून वाचणं म्हणजे उत्पत्तीचे सहा दिवस घड्याळ लावून मोजण्यासारखंच आहे. पुराणाला त्याचं काम करू द्यावं. त्याच्या गळ्यात प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र अडकवलं की पुराणही जातं आणि विज्ञानही.

अशा वेळी उत्क्रांतीच्या बाजूनं उभं राहायला माणसं हवी असतील, तर ती चर्चच्या बाकांवर आहेत. वसईत आहेत, अहिल्यानगरात आहेत, मिशनच्या शाळांतून निवृत्त झालेल्या विज्ञानशिक्षकांमध्ये आहेत. आपण त्यांना आधी धर्मवेडं ठरवून बाहेर ठेवलं आणि आता मदतीला कुणी नाही म्हणून हळहळतो. पाळकांनी जे शिकलं ते प्रवचनात सांगावं. प्रकाशकांनी भांडणाखेरीज आणखी काही अनुवादासाठी निवडावं. आणि संपादकांनी त्या शिक्षिकेला कथेत राहू द्यावं, तिला ढोंगी किंवा बंडखोर न करता. तिला सोमवारी वर्ग आहे आणि सध्याच्या पुस्तकात तिचा अर्धा धडा नाही.